आउरेलिओचे बुधवार

६ ऑगस्ट २०१८, सोमवार

आउरेलिओ गेल्यापासून झोप लागत नाही म्हटलं तर दवाखान्यातल्या बाईंनी गोळी दिली नाही. रोज चार ओळी लिहा म्हणाल्या. काय लिहायचं ते सांगितलं नाही.

वही आणायला बाहेर गेले नाही. नवऱ्याच्या कामाच्या पिशवीत ही होती. पशुवैद्यक शाखेने त्याच्या टेबलावरचं सामान मे महिन्यातच घरी पाठवलं: पिशवी, स्वेटर, पेचकसांचा डबा. वहीत पुढून त्याची वीसेक पानं भरलेली आहेत, यंत्रांचे आकडे वगैरे. ती मी वाचत नाही. वही उलटी केली आणि मागून सुरुवात केली.

आज विद्यापीठाच्या नियोजन कार्यालयात आमचे साहेब, इंजिनिअर झुबेल्दिया, यांनी एक फाइल माझ्याकडे दिली. सामाईक तंत्रज्ञान सेवा, आराखडा आणि निधी. सहा विद्याशाखा आणि सान ओनोफ्रेची नर्सिंग शाळा, कागदोपत्री प्रत्येकाचं आपापल्या कपाटात ठेवलेलं सर्व्हरचं यंत्र, आपापलं मेल, आपापला तंत्रज्ञ. ते सगळं बंद करून रेक्टर कार्यालयाच्या तळघरात एकच यंत्रखोली करायची आणि खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. गेल्या वर्षी हीच फाइल अर्ध्यावर अडली होती. झुबेल्दिया म्हणाले, जड जाणार असेल तर दुसऱ्या कुणाला देतो. पशुवैद्यकात आउरेलिओ सांभाळायचा ते यंत्रही त्यात आहे हे त्यांना माहीत आहे. मी म्हटलं, जड कशाला जाईल, काम आहे.

चार ओळींपेक्षा जास्त झालं.

८ ऑगस्ट, बुधवार

बैठक तीन तास चालली. कायदा शाखेत विद्यार्थी खूप आणि संगणक थोडे, म्हणून वाटा संगणकांवर ठरवा असं त्यांचे डीन म्हणतात. पशुवैद्यकात संगणक खूप आणि विद्यार्थी थोडे, म्हणून वाटा विद्यार्थ्यांवर ठरवा असं त्यांचे डीन म्हणतात. दोघांनीही समानतेवर लांब भाषणं केली. नर्सिंग शाळेच्या बाई एकट्याच कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्याकडे कुठल्याच हिशेबाने द्यायला काही नाही. शेवटी नर्सिंगला दुसऱ्या टप्प्यात घेऊ असं ठरलं. दुसरा टप्पा कधी, ते कुणी विचारलं नाही. मीही इतिवृत्तात तेवढंच लिहिलं.

संध्याकाळी घरात बसवेना. बुधवार हा आउरेलिओचा बोचासचा दिवस. सहा वर्षं दर बुधवारी साडेसहाला क्लबात तो गोळे टाकायचा खेळ खेळायला बाहेर पडायचा, आणि दहाला परत. कधी कधी हातात एम्पानादांचं, सारण भरलेल्या करंज्यांचं, पुडकं असायचं. मी चालत क्लबपर्यंत गेले आणि तशीच परत आले. अंत्यविधीला क्लबमधून कुणी आलं नव्हतं, साधा फुलांचा हारही नाही. मला न ओळखणारी माणसं मात्र पुष्कळ आली होती. एक बाई तर पार सान ओनोफ्रेहून बस पकडून आली होती.

१४ ऑगस्ट, मंगळवार

पशुवैद्यकचं यंत्र हलवता येत नाही. पासवर्ड कुणाला माहीत नाहीत. नवा तंत्रज्ञ म्हणाला, आउरेलिओ बासुआल्दो सगळं एका वहीत लिहायचा, हिरव्या पुठ्ठ्याच्या. झुबेल्दियांनी मला हळूच बाजूला घेऊन विचारलं. घरी बघते म्हटलं. हे खोटं नाही. वही घरीच आहे.

यंत्रखोलीचं दरपत्रक आलं. मुदत दहा दिवस. परिशिष्टाचा समास नियमापेक्षा कमी होता, म्हणून फाइल परत पाठवली. नियम तो नियम.

स्वयंपाकघरातली सगळी भांडी काढून पुन्हा लावली. वरच्या फळीवरची खाली आणली, मग परत वर ठेवली.

२२ ऑगस्ट, बुधवार

आज त्याची पानं वाचली. पासवर्ड खरंच आहेत का एवढंच बघायचं होतं. आहेत. पण बरोबर हेही आहे, त्याच्या बारीक तिरक्या अक्षरात:

नर्सिंग. ओफेलिया. बुध. ७. मागचं दार.
कायदा. रेन्सो. महिन्याचा दुसरा बुध.
ग्रंथालय. श्रीमती आइदे. बुध. साडेआठ, आवाज करायचा नाही.

अशी सात नावं. सगळे बुधवार.

बोचासला गेलेला माणूस मागच्या दाराने कुठे जातो?

पानं बंद केली. खिडक्या पुसल्या. आज पुसायचा दिवस नव्हता.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

क्लबमध्ये गेले. म्हातारे चौघं पत्ते खेळत होते. मी सांगितलं, आउरेलिओ बासुआल्दोची बायको. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने विचारलं, कोण बासुआल्दो, तो पिठाच्या गिरणीवाला? मी म्हटलं, नाही, उंच, चष्म्याचा, बुधवारी येणारा. तो म्हणाला, बाई, बुधवारी क्लब बंद असतो. आधीपासून.

खुर्ची दिली त्यांनी मला. बसले नाही.

३० ऑगस्ट, गुरुवार

डॉलर एका दिवसात इतका चढला की पुरवठादाराने सकाळीच फोन करून दरपत्रक रद्द म्हणून सांगितलं. तशीही मुदत संपलेलीच होती. फाइल नऊ दिवस माझ्या टेबलावर होती. एका जोडपत्राचा क्रमांक चुकला होता आणि मी तो कायदा शाखेकडून लेखी दुरुस्त करून मागितला होता.

झुबेल्दिया दारात उभे राहून म्हणाले, "एल्विराबाई, ही फाइल तुमच्याकडे झोपायला येते की काय?"

हसतच म्हणाले. मी क्रमांकाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे, पण तो पेनाने दुरुस्त करून बाजूला सही करता आली असती. तीस वर्षांत मी एकही आकडा पेनाने दुरुस्त केलेला नाही. हे त्यांना माहीत आहे. आउरेलिओलाही माहीत होतं. लग्नाच्या नोंदीत माझ्या आडनावात चूक होती म्हणून मी नोंदणी कार्यालयात दोन तास थांबले होते आणि पाहुणे जेवून गेले होते. तो ही गोष्ट सगळ्यांना सांगायचा.

३ सप्टेंबर, सोमवार

वहीबद्दल पुन्हा विचारलं. शोधते म्हटलं. हे मात्र खोटं.

५ सप्टेंबर, बुधवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून सान ओनोफ्रेला गेले. बसला सव्वा तास लागतो. हा रस्ता त्याने दर बुधवारी कसा केला आणि दहाच्या आत परत कसा आला, हेच वाटेत मोजत होते. मोटारसायकल. तिचे टायर इतक्या लवकर का झिजतात म्हणून मी त्याला विचारायची.

ओफेलिया गाउना नर्सिंग शाळेची पहारेकरीण निघाली. साठीची, ठेंगणी, पायात पुरुषांचे बूट. अंत्यविधीला आलेली बाई तीच. मला बघून म्हणाली, "आलीस होय. मला वाटलं होतं जूनमध्ये येशील." मी काही बोलायच्या आत तिने येर्बाच्या कडू चहाचा पेला भरून पुढे केला. तिने मला आत नेलं. जिन्याखाली एक लहान खोली, त्यात संगणकाचा जुना पडदा आणि एक वायर भिंतीतून आत गेलेली. ते सगळं आउरेलिओचं काम होतं. शाळेचं यंत्र सहा वर्षांपूर्वी जळालं आणि नव्यासाठी अर्ज केला तर पैसे नाहीत असं उत्तर आलं. तेव्हापासून मुलींची परीक्षेची नोंद, हजेरी, मेल, सगळं तिकडे पशुवैद्यकच्या कपाटातल्या त्याच्या यंत्रावर चालतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ग्रंथालयाचंही तसंच, कायद्याच्या परीक्षा तारखांचंही. ज्याच्याकडे किल्ली तो दार उघडायचा, आणि आउरेलिओ आत जाऊन दुरुस्त करायचा. ओफेलिया म्हणाली, निव्वळ गाउचादा. आमच्याकडे माणुसकीखातर केलेल्या कामाला तसंच म्हणतात, त्याचा मोबदला विचारायचा नसतो. ती एम्पानादा द्यायची तेवढंच.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

तिने गरम पाणी ओतता ओतता उत्तर दिलं. "एका शाखेचं यंत्र दुसऱ्या शाखेला वापरू देणं नियमाबाहेर ना? तो म्हणायचा, बायको नियोजनात आहे. तिला कळलं तर तिला वर लिहून द्यावं लागेल. आणि ती देईलच. मग बिचारीला आयुष्यभर वाईट वाटेल. त्यापेक्षा गोळे टाकतो म्हणतो."

मग ती हसली. "त्याला गोळा कसा धरतात तेही येत नव्हतं."

बसमध्ये मी हे पडताळून पाहिलं. हो. मी लिहून दिलं असतं.

७ सप्टेंबर, शुक्रवार

नवं दरपत्रक मागवलं. फाइलमध्ये आज एकही चूक सापडली नाही. तिसऱ्यांदा तपासली.

१२ सप्टेंबर, बुधवार

पशुवैद्यकचं यंत्र सकाळी साडेनऊला बंद पडलं. दहापर्यंत ग्रंथालयाची सूची गेली, अकराला कायद्याच्या परीक्षा तारखा. कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यातलं यंत्र बिघडलं तर वकिलांच्या परीक्षा का थांबतात, हे कुणालाच कळेना. कायद्याचे डीन झुबेल्दियांच्या खोलीत येऊन म्हणाले, ही घातपाताची शंका आहे. झुबेल्दिया म्हणाले, साहेब, आपल्यावर घातपात करायला कुणाला वेळ आहे.

माझ्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. आधी ओफेलिया. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचे निकाल उद्या प्रांताच्या आरोग्य खात्याला पाठवायचे आहेत, नाही गेले तर एकोणीस मुलींच्या नोकऱ्या जातात. मग ग्रंथालयाच्या आइदेबाई, कुजबुजत. मग कायद्याचा रेन्सो, नाव न सांगता. एकेक करून सातही. प्रत्येकाने एकच विचारलं, आउरेलिओने काही लिहून ठेवलंय का.

वही माझ्या पर्समध्ये होती. पाच तारखेपासून तिथेच आहे.

पशुवैद्यकपर्यंत चालत गेले, सहा चौक. कपाटाशी नवा तंत्रज्ञ घामाघूम बसला होता. मी वही हातात धरली आणि ओळीओळीने वाचून दाखवलं, त्याच्या हातात दिली नाही. 'थांबलं तर घाबरू नका, आधी खालचं बटण, मग वरचं, दोन मिनिटं थांबा.' तो थांबला. मीही थांबले. दोन मिनिटं फार लांब असतात. मग पंखा सुरू झाला.

मागे वळून पाहिलं तर दारात झुबेल्दिया उभे होते. त्यांनी वहीचा हिरवा पुठ्ठा पाहिला.

१३ सप्टेंबर, गुरुवार

झुबेल्दिया रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दार लावून घेतलं आणि सगळं ऐकलं. मग बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले.

ते म्हणाले, आपण विद्यापीठाच्या परिषदेला शून्यातून सामाईक सेवा उभी करायला पैसे मागतोय, आणि ती तर सहा वर्षं चालू आहे. चालू असलेल्या सेवेला मागाहून मान्यता घेता येते, तशी तरतूद आहे. ती मिळाली तर नर्सिंग आपोआप पहिल्या टप्प्यात येते, कारण ती आधीपासून आतच आहे. चालू सेवेतून कुणाला बाहेर काढायचं तर त्यासाठी वेगळा ठराव लागतो, आणि तो मांडायचं धाडस कुठलाही डीन करणार नाही.

मग म्हणाले, पण पुरावा लागेल. मूळ. टंकलेली प्रत चालणार नाही, ती तुम्ही आज बसून तयार केली असं म्हणतील.

आणि परिषदेने मान्यता दिली नाही तर? मी विचारलं.

तर खातेनिहाय चौकशी, ते म्हणाले. दार उघडणाऱ्या सातजणांची. आउरेलिओची होऊ शकत नाही. त्याचं फक्त नाव राहील, चौकशीच्या कागदावर.

परिषद वीस तारखेला. दरपत्रक एकवीसपर्यंत.

१५ सप्टेंबर, शनिवार

सातही जणांना फोन केले. फोनवर बोलायची मला सवय नाही, आधी वाक्यं कागदावर लिहून घेतली. आइदेबाई म्हणाल्या, माझं नाव पूर्ण लिहा, दोन्ही आडनावं. ओफेलिया म्हणाली, मला पेन्शनला चौदा महिने आहेत, लिही. शेतकीचा शिपाई म्हणाला, आउरेलिओने माझ्या मुलाचा संगणक फुकट दुरुस्त केला होता, तेही लिहा. ते लिहायची गरज नाही असं त्याला सांगितलं. रेन्सो स्वतः वकील आहे, तो विचार करून सांगतो म्हणाला.

१७ सप्टेंबर, सोमवार

चार महिने झाले. चर्चमध्ये त्याच्यासाठीच्या मासला, प्रार्थनेला, गेले. पाद्रींनी त्याचं नाव ऑरेलियानो असं वाचलं. दुरुस्त केलं नाही.

मान्यतेच्या अर्जात एक रकाना आहे: सेवेसाठी दिलेला वेळ कोणत्या विभागाचा. झुबेल्दियांनी तो माझ्यासाठी कोरा सोडला होता. पशुवैद्यकचा म्हणता येत नाही, ते कामाचे तास नव्हते. नियोजनचा नाही. दुपारभर तो रकाना सोडून बाकी सगळं भरलं. शेवटी लिहिलं, घरचा. झुबेल्दिया म्हणाले, असा विभाग नाही. मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी तसंच राहू दिलं आणि खाली सही केली.

रेन्सोचा फोन आला. लिहा म्हणाला, पण 'अॅडव्होकेट' लावा पुढे.

१८ सप्टेंबर, मंगळवार

नील्दाशी बोलले. नील्दा आवक-जावकच्या खिडकीवर आहे, आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो. फाइलमध्ये जे जातं त्याच्या प्रत्येक पानावर ती क्रमांकाचा शिक्का मारते आणि सही करते. शिक्का बसला की ते पान कुणाला काढता येत नाही. रेक्टरलासुद्धा नाही.

मी म्हटलं, वहीचा पुढचा भागच द्यायचा आहे. मागची पानं माझी आहेत, खासगी.

"मग आजच फाड," ती म्हणाली. "उद्या माझ्या हातात आली की पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी वाचत नाही गं, मी मोजते. पण परिषदेवाले वाचतात. त्यांना दुसरा उद्योग काय."

घरी येऊन कात्री घेतली. वही मधोमध दोऱ्याने शिवलेली आहे. माझं शेवटून पहिलं पान धरून ओढून पाहिलं, तर पुढून त्याचं पहिलं पान सैल होऊन वर आलं. एकच कागद आहे तो, मधून दुमडलेला. अर्ध्यावर त्याचे पासवर्ड, अर्ध्यावर माझी सहा ऑगस्ट. दुसरा कागदही तसाच, तिसराही. क्लबमध्ये मी गेले त्या पानाचा दुसरा अर्धा म्हणजे ओफेलिया, मागचं दार. पट्टी लावून कापलं तर त्याचं अर्धं उरेल, पण मग दोरा धरणार नाही, आणि सुटं पान पुरावा म्हणून चालत नाही.

कात्री परत खणात ठेवली. खण दोनदा उघडून पाहिला.

म्हणजे मी फाइल अडवत होते हेही त्यांना वाचता येईल. समास, जोडपत्राचा क्रमांक. मीच आज पहिल्यांदा सगळं ओळीने वाचलं. इतकं उघड होतं हे मला माहीत नव्हतं.

१९ सप्टेंबर, बुधवार

आवक-जावकच्या खिडकीपाशी उभी राहून लिहिते आहे. सकाळचे अकरा. फाइल नील्दाच्या पुढ्यात आहे, अर्ज वर, सात नावं खाली, दरपत्रक, झुबेल्दियांचं पत्र. तिने एकशे बारापर्यंत शिक्के मारले आणि वहीसाठी हात पुढे केला. मी दिली. तिने ती उलटून पाहिली, मग सुलटून पाहिली. दोन्हीकडून पहिलं पान.

"अगं एल्विरा, सुरुवात कुठली हिची?" तिने विचारलं. "एकशे तेरा कुठे मारू?"

मी म्हटलं, दोन मिनिटं दे, एक नोंद राहिली आहे. मागे लांब रांग आहे. शेतकीचा एकजण मोठ्याने विचारतोय, इथे पत्रं लिहून मिळतात का. नील्दा त्याला म्हणाली, मिळतात, पण तुला वाचता येत असेल तर.

दोन मिनिटं झाली. तिला सांगते, त्याच्या बाजूने सुरू कर. माझी पानं मग उलटी येतील. ज्याला वाचायची असतील त्याने फाइल फिरवून धरावी.